रामटेके सरांची पाटी

पारा चाळीसच्या वर गेला की मला रामटेके सरांचा राग येतो. आता नागपुरात पारा चाळीसच्या वर जायला काय लागतं! होळी झाली की पाऊस येईपर्यंत मी चिडलेलीच असते. घरातले म्हणतात, कूलरसमोर बस, उन्हानं डोकं फिरलंय तुझं. डोकं उन्हानं नाही, त्या माणसानं फिरवलंय. गेलेल्या माणसावर रागावू नये, हे मलाही कळतं. पण सर समोर होते तेव्हाही मी त्यांच्यावर रागावतच होते. आता या वयात सवय कुठे मोडायची?

आमच्या पॉलिटेक्निकमध्ये सर इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचे आणि मी इंग्रजी. नंदनवन कॉलनीत ते आमच्या मागच्याच गल्लीत राहत. त्यामुळे कॉलेजात भांडण अर्धं राहिलं तर घरी येऊन पूर्ण करायची सोय होती. आणि भांडण अर्धं राहायचंच, कारण माणूस बोलायचा फार. आवाज असा की दोन वर्ग सोडून तिसऱ्या वर्गात मी इंग्रजीची क्रियापदं शिकवत असायचे आणि माझी पोरं ट्रान्झिस्टर शिकून जायची. कोणाचा निरोप समारंभ असो, कोणाच्या पोराचं लग्न असो, सरांना कोणी बोलवायची गरज नसे. ते स्वतःच माईकपाशी जात, "थोडक्यात सांगतो" म्हणत, आणि मागे पुऱ्या गार होऊन जात. पण हसवायचे मात्र असे की गार पुऱ्यांबद्दल कोणी कुरकुर केली नाही.

एक खोड तर जगावेगळी होती. तासाची घंटा झाली की सर वाक्य जिथे असेल तिथे सोडून देत. पुढच्या तासाला तिथूनच पुढे. एकदा दिवाळीच्या सुट्टीआधीच्या शेवटच्या तासाला "आणि म्हणूनच ट्रान्झिस्टरले" एवढं म्हणाले आणि घंटा झाली. सर गेले. दिवाळी झाली, भाऊबीज झाली, पोट्टे गावाहून चिवडा घेऊन परत आले. सर वर्गात शिरले, हजेरी नाही, काही नाही, आणि म्हणाले, "तीन पाय असतात. समजलं का बे?" अख्खा वर्ग हसला, आणि ते तीन पाय कोणी जन्मात विसरलं नसेल. मी विचारलं, असं काहून करता हो? तर म्हणाले, "जिथं तुटलं तिथूनच जोडा लागते मॅडम. बाजूनं जोडलं का सांधा कच्चा."

दुसरी गोष्ट जोडणीचीच. प्रोजेक्टच्या दिवसांत पोरं सीताबर्डीच्या बाजारातून काहीबाही सुटे भाग आणत. "सर, साइज सेम आहे, बसून जाईल." सर चष्मा कपाळावर चढवत. "साइज पाहून सोयरीक करून राहिला का बे? आमच्यात पत्रिका नाही पाहत. पण डेटाशीट पाह्यल्याबिगर मी कोणाचंच लग्न लावत नाही." डेटाशीट म्हणजे त्या वस्तूचं माहितीपत्रक. किती व्होल्ट, किती पिना, आत कोणती चिप, सगळं ओळीनं ताडून बघितल्याशिवाय सर काही जोडू देत नसत. पोरं वैतागत, पण सरांच्या प्रयोगशाळेत कधी काही जळलं नाही.

फक्त एका गोष्टीची डेटाशीट त्यांनी वाचली नाही, खर्ऱ्याची. प्लास्टिकच्या पन्नीत सुपारी, तंबाखू, चुना घालून टेबलावर घसघस घासत बसायचे, आणि मी ती पन्नी खिडकीबाहेर फेकायचे. "मॅडम, त्याच्यानं आवाज खुलते!" म्हणत. निवृत्त होऊन वर्षही झालं नसेल, तो खुललेला आवाज बसला. बसला तो उठेचना. धंतोलीच्या दवाखान्यात तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचला. आवाज गेला. गळ्याला एक भोक राहिलं, त्यावर सर पांढरा रुमाल बांधत.

त्या दिवसांत मी भेटायला जायचे आणि मूर्खासारखी सारखी बोलत बसायचे, कारण ती शांतता सहन व्हायची नाही. सर नुसते बघत. शोभाताई, त्यांची बायको, मला स्वयंपाकघरात ओढून म्हणाल्या, "घर खायले उठते वं ताई. आधी म्हणत होती, चूप बसा जी एक घडी. आता कोणाले म्हणू?"

त्यांच्या मुलीनं, स्नेहलनं, मोबाईलमध्ये एक सोय करून दिली. लिहायचं आणि मोबाईल बोलून दाखवणार. सरांनी लिहिलं, "मले भूक नाही." मोबाईल ते अशा आवाजात बोलला, जणू रेल्वे स्टेशनावर गाडी उशिरा येत असल्याचं सांगतोय. सरांनी तोंड वाकडं केलं आणि मोबाईल उशीखाली सारला.

मग पावसाळ्यात त्यांनी पाटी केली. पोरं प्रोजेक्टला वापरतात तो छोटा बोर्ड, त्याला ई-पेपरचा पडदा. तो पडदा मोबाईलसारखा उजेड फेकत नाही, छापलेल्या कागदासारखा दिसतो, आणि भर उन्हात उलट जास्तच स्वच्छ वाचता येतो. मोबाईलवर टाइप करायचं आणि पाटीवर मोठ्या अक्षरांत उमटायचं. शाळेतल्या पाटीएवढीच होती, लाकडी चौकट, मागे निळी चिकटपट्टी. सर ती छातीशी धरत. मोबाईल पुढे केला तर लोक मोबाईलकडे बघतात, पाटी छातीशी धरली की वर तोंड दिसतं, असं त्यांचं म्हणणं. मला पहिल्यांदा दाखवली तेव्हा त्यावर होतं, "मॅडम, काहून चूप बसल्या? माझा गेला, तुमचा आहे ना."

मी हसले, मग रडले, मग त्यांना नेहमीसारखी बोलले. त्यांनी पुढचं लिहिलं, "कोणाच्या आवाजात वाचलं?"

"कोणाच्या म्हणजे? तुमच्याच. खर्ऱ्यासकट."

सरांचे खांदे गदागदा हलले. आता ते असेच हसत. मग त्यांनी आपलं म्हणणं सांगितलं. ज्यानं आपल्याला ऐकलंय, त्याच्या डोक्यात आपलाच आवाज येतो. मोबाईलनं बोललं तर तोही पुसून जाईल. म्हणून बोलणारं यंत्र नको, आणि कोणी मोठ्यानं वाचूनही दाखवायचं नाही. मी वाचू का म्हटलं तर लिहिलं, "तुम्ही वाचलं का मी पुण्याचा वाटतो." एवढा अपमान करून वर चहा मागितला.

स्नेहलचं लग्न ठरलं तेव्हा या म्हणण्यातली मेख त्यांच्या लक्षात आली. मुलगा कुहीचा, धानाची शेती असलेलं चांगलं घर. पण त्या घरात सरांना कोणीही ऐकलेलं नव्हतं. पहिल्या भेटीत ती माणसं त्यांच्याशी हळू आणि मोठ्यानं बोलत होती, बहिऱ्याशी बोलतात तशी. परत आल्यावर सरांनी मला पाटी दाखवली, "त्यांच्या डोक्यात माझा आवाजच नाही. त्यांच्यासाठी मी मुका." आणि मग, "लग्नात बोलणार. एक डाव हसवलं का आवाज आपोआप येते."

तीन वाक्यं ठरली. पहिलं सगळ्यांसाठी, दुसरं इवायांसाठी, म्हणजे नवरदेवाच्या वडिलांसाठी. तिसरं स्नेहलसाठी. पहिली दोन मला वाचायला मिळाली. तिसरं शोभाताईंनाही दाखवलं नाही. पण ते घडवण्यात सरांचे किती दिवस गेले, ते मी बघत होते. दोन शब्द लिहायचे, खोडायचे, गच्चीवर फेऱ्या मारायच्या, पुन्हा लिहायचे. तासन् तास बोलणाऱ्या माणसाला एका वाक्यात पोरीला सांगायचं होतं, म्हणजे काय विचार करा.

आणि साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या दिवशी पाटी फुटली. झालं असं की कार्यक्रम आटोपल्यावर इवायांनी आनंदानं सरांना कडकडून मिठी मारली. पाटी छातीशी होतीच. काच तडकली, आणि पडद्यावर शाई सांडल्यासारखे काळे पट्टे आले. सरांनी ती पाठीमागे लपवली आणि इवायांची पाठ थोपटली.

तोच पडदा आता मिळत नव्हता. दुकानदार म्हणे, बंद झाला. शेवटी ऑनलाइन एक सापडला, तेवढ्याच मापाचा, फक्त काळ्या-पांढऱ्याऐवजी काळा, पांढरा आणि लाल. सर जुना पडदा, नवा पडदा आणि माहितीपत्रकाचे कागद घेऊन माझ्याकडे आले. माझ्या जेवणाच्या टेबलावर काळं कापड अंथरलं, दोन्ही पडदे शेजारी शेजारी ठेवले. इंग्रजी मी वाचायचं, ते बोट फिरवत ताडून बघणार. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. माप? सरांनी मान डोलावली. जोडणीची पट्टी, तिच्यावरच्या पिना? भिंगातून मोजल्या, मान डोलावली. व्होल्टेज? ठीक. आतली चिप? बोर्डाला ओळखीची. चित्र बदलायला लागणारा वेळ? तो मात्र फार होता, लाल रंगामुळे पडदा कितीतरी वेळ लुकलुकायचा आणि मग अक्षर स्थिर व्हायचं. सरांनी खांदे उडवले आणि मोबाईलवरच लिहून दाखवलं, "थांबून बोलणं मले कधी आलंच नाही. आता शिकतो."

मग मी पुढची ओळ वाचली. चालण्याचं तापमान, शून्य ते चाळीस.

सरांचे खांदे हलायला लागले. "नागपूरच्या माणसाले चाळीसची भीती दाखवून राहिले!" मीही हसले. आपल्याकडे चाळीस म्हणजे काय, ऊन लागू नये म्हणून कांदा खिशात ठेवायचा आणि कामाला निघायचं. खोलीत कूलर घरघरत होता. पडदा जोडला. लुकलुकला, थांबला, आणि ठळक अक्षरं आली, "जुळलं."

लग्न मे महिन्यात. धानाची माणसं तेव्हाच मोकळी असतात. कुहीला इवायांच्या घरासमोर मांडव होता, पंखे गरम हवा ढकलत होते. पांढऱ्या साडीत स्नेहल फार गोड दिसत होती. त्रिशरण, पंचशील झालं, हार घातले गेले, आणि सर उठले. माईकसमोर नाही, पुढच्या रांगांच्या मधोमध उभे राहिले. घामानं सदरा अंगाला चिकटलेला, पाटी छातीशी, तोंड वर. वाक्यं आधीच पाटीत भरून ठेवलेली. बटण दाबलं. लोक थांबले. अक्षरं आली, जरा फिकट, पण आली.

"जयभीम. थोडक्यात बोलतो. आता इलाजच नाही."

पहिल्यांदा आमच्याकडचे हसले, मग तिकडचेही. एक म्हातारी तर पदर तोंडाला लावून हसली. सरांचा चेहरा कसा उजळला, ते मी सांगू शकत नाही. कॉलेजातला माणूस परत आला होता. त्यांनी इवायांकडे वळून पुन्हा बटण दाबलं.

दुसरं वाक्य असं होतं, "इवाई, तुमच्या मिठीनं माझी पहिली पाटी फुटली. पण पोरगी पक्की आहे, फिकीर नको." पडदा लुकलुकला, बराच वेळ लुकलुकला. वरची अर्धी अक्षरं धूसर उमटली. खाली सगळा गुलाबी चिखल. इवाई वाकून, डोळे बारीक करून, एकेक शब्द लावत मोठ्यानं वाचायला लागले, "तुमच्या मिठीनं... माझी... पाटी फुटली." पुढे काही दिसेना. भल्या माणसाचं तोंड एवढंसं झालं. "माफ करा जी," ते हात जोडून म्हणाले, "मले मालूमच नव्हतं." हसणाऱ्या म्हातारीनं पदर खाली घेतला.

सर जोरजोरात हात हलवत होते, नाही, नाही. पुन्हा बटण दाबलं. पाटी रुमालानं पुसली, सावलीत धरली, पुन्हा दाबलं. तिसरं वाक्य आलं असेल तर ते त्या चिखलातच आलं. स्नेहल पुढे वाकून बघत होती. काहीच दिसत नव्हतं. मग तिकडच्या कोणीतरी खुर्ची आणली आणि फार मायेनं म्हटलं, "राहू द्या जी बाबा, बसा. तुमाले तरास होते." सर बसले. बँड वाजायला लागला. मला त्या मायेचा आणि त्या बँडचा इतका संताप आला की मी जेवले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच सर माझ्या दारात. पाटीवर अक्षरं काळीभोर, स्वच्छ. घरी कूलरसमोर ठेवल्यावर पडदा आपोआप ताळ्यावर आला होता. त्यांनी कागद काढला आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. शून्य ते चाळीस. मांडवात पंचेचाळीस तरी असणारच. मग लिहिलं, "तुम्ही वाचलं होतं. मी ऐकलं नाही." तिन्ही वाक्यं त्यांनी रात्रीच पाटीतून पुसून टाकली होती.

योग्य पडदा मिळायला डिसेंबर उजाडला. नुसता काळा-पांढरा, आतली चिप तीच, पट्टी तीच. पुन्हा माझं टेबल, तेच काळं कापड. मी वाचलं, शून्य ते पन्नास. सरांनी मला ती ओळ तीनदा वाचायला लावली. पडदा जोडला, आणि अक्षरं झटकन आली. मी म्हटलं, "झालं! आता स्नेहल आली की सांगून टाका."

सरांनी मान हलवली. आता नाही, म्हणे. पहिला वाढदिवस लग्नाचा, मे महिन्यात, कुहीलाच, त्याच अंगणात, त्याच माणसांसमोर. दुसऱ्या वाक्यापासून सुरू करायचं. "जिथं तुटलं तिथूनच." आणि कागदावर विश्वास नाही आता. भर उन्हात पाटी तापवून, स्वतः बघून मगच.

जानेवारीत स्नेहल माहेरी आली. मी तिथेच होते. तिनं सरांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "बाबा, माझ्यासाठी काय होतं? मले आता सांगा ना." सरांनी तिच्या डोक्यावर टपली मारली आणि पाटी उचलली, "घंटा झाली होती. पुढचा तास मे मध्ये."

मी भडकले. "अहो, पोरगी समोर बसली आहे, पाटी चालते आहे, आणखी काय पाहिजे तुम्हाला?" तर मलाच दटावलं, "मॅडम, घाई कायची?" तेव्हा त्यांचा खोकला सुरू झाला होता. शोभाताई माझ्याकडे बघत होत्या.

मार्च लागला आणि छातीत पाणी भरलं. धंतोलीला नेलं, आयसीयूत पाटी नेऊ दिली नाही. दोन-तीन दिवसांत सगळं संपलं. नंतर इवाई आले तेव्हा दुसरं वाक्य मी त्यांना पूर्ण सांगितलं, पोरगी पक्की आहे, इथपर्यंत. ते खळखळून हसले आणि मग दाराची चौकट धरून रडायला लागले. सरांच्या एका विद्यार्थ्यानं पाटी उघडून आतलं सगळं तपासलं, मोबाईलही चाळला. काही नव्हतं. तिसरं वाक्य कोणाकडेच नाही. स्नेहल अजून कधी कधी मला विचारते, मावशी, तुम्हाला अंदाज तर असेल? मला नाही. आणि खोटं सांगायची माझी हिंमत नाही.

मी त्यांना शेवटचं हिंडतं-फिरतं बघितलं ते फेब्रुवारीत, त्यांच्या गच्चीवर. शोभाताईंनी जुन्या साडीवर मुगवड्या वाळत घातल्या होत्या. वड्यांच्या रांगेतच पाटी उताणी ठेवलेली, शेजारी विटेला टेकवून थर्मामीटर. सर गळ्याला रुमाल बांधून, उकिडवे बसून, थर्मामीटरकडे डोळे लावून होते. मला बघताच हात केला. चांगलं ऊन होतं, माझं डोकं तापत होतं. मी म्हटलं, बघा, चालते की नाही? त्यांनी पाटी उचलली, छातीशी धरली, आणि मोबाईलवर काही लिहिलं. अक्षरं लगेच आली, एकेक वेलांटी स्वच्छ. मी ती वाचली, त्यांच्याच आवाजात.

"अजून ऊन कमी आहे मॅडम. थांबून राहिलो."